टोळाची पारख

१९५९ साली आफ्रिकेतील सुदान देशावर टोळधाड आली. टोळांचे थवे उतरले, बसले आणि उडून गेले. मागे राहिली ती पाने ओरबाडलेली झुडपे आणि उघड्या फांद्यांची झाडे. त्या वेळी हाइन्रिख श्मुटरर नावाचे एक जर्मन कीटकशास्त्रज्ञ तेथे काम करीत होते. त्या उजाड प्रदेशात त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. काही झाडे मात्र पूर्वीसारखीच हिरवीगार उभी होती. त्यांच्यावर टोळ बसले नव्हते असे नाही. बसले होते, पण पानाला तोंड न लावता निघून गेले होते. ही झाडे होती कडुनिंबाची. मूळचा आपल्या भारतीय उपखंडातला हा वृक्ष माणसांनी सावलीसाठी तिकडे नेऊन लावला होता.

टोळ म्हटला की दिसेल ते खाऊन फस्त करणारा प्राणी, अशी आपली समजूत असते. ती समजूत उगीच झालेली नाही. पूर्ण वाढलेल्या वाळवंटी टोळाचे वजन अवघे २ ग्रॅमच्या आसपास असते; पण तो एका दिवसात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका पाला खाऊ शकतो. एक चौरस किलोमीटर जागा व्यापणाऱ्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. असा एक थवा एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांना पुरेल एवढे अन्न संपवितो. २०२० सालच्या मे महिन्यात हे पाहुणे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून विदर्भातही आले होते. अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी तेव्हा डबे आणि थाळ्या बडवून, धूर करून त्यांना शेतातून व बागांतून हुसकण्याची खटपट केली. वर्षभराच्या कष्टाचे पीक डोळ्यांदेखत जाताना ज्याने पाहिले, त्याला ‘टोळ फार चोखंदळ आहे’ असे सांगितले तर तो रागावेल, आणि त्याचे रागावणे योग्यच ठरेल.

तरीही ती गोष्ट खरी आहे. टोळ खातो पुष्कळ. पण खाण्यापूर्वी तो पारख करतो. त्याच्या पारखण्याच्या पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी आहे वासाची.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. मोठा थवा शेकडो मैलांवरून पिकाचा वास घेत येतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. उडणारा थवा मुख्यतः वाऱ्याबरोबर जातो. एका दिवसात तो दीडशे किलोमीटरपर्यंतही मजल मारतो. जिकडे निरनिराळ्या दिशांचे वारे एकत्र येतात तिकडे पाऊस पडण्याचा संभव अधिक असतो, आणि जिकडे पाऊस तिकडे हिरवळ. वारा अशा रीतीने टोळांना आपोआप चाऱ्याच्या प्रदेशात आणून सोडतो. वासाचे काम सुरू होते ते त्यानंतर, जमिनीजवळ, थोड्या अंतरावर. विशेषतः ज्यांना अजून पंख फुटलेले नाहीत अशा पिलांना वासाचा फार उपयोग होतो. टोळाचे पिलू अंड्यातून बाहेर पडल्यापासून पंख येईपर्यंत अनेकदा कात टाकते. तोपर्यंत त्याला पायांनीच चालावे आणि उड्या माराव्या लागतात. उजाड रेताड भूमीवर गवताचा एखादा झुबका कोठे आहे, हे दृष्टीआड असले तर त्याला कसे समजावे?

१९६२ साली लंडन येथील टोळ-प्रतिबंधक संशोधन केंद्रातील हॅस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत याचा शोध घेतला. त्यांनी टोळांच्या पिलांवर मंद वारा सोडला आणि त्यात गवताचा वास मिसळला. तो वास येताच पिले वाऱ्याच्या उगमाकडे तोंड करून चालू लागली. येथे पिलाची युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. वास नुसता हवेत पसरलेला असला, तर तो कोणत्या बाजूने येतो हे समजणे कठीण असते. वारा मात्र दिशा सांगतो. म्हणून वासाने कळते ते ‘जवळपास अन्न आहे’ एवढेच. ‘कोणत्या बाजूला आहे’ हे कळते वाऱ्याने. दोन साक्षीदारांच्या जबान्या एकत्र ठेवून पिलू आपली वाट ठरविते. उपाशी पिलू या कामी अधिक तत्पर असते, हे सांगायला नकोच.

गवताचा वास तो कोणता? हिरवळीवर नुकतेच विळा चालविलेला असावा, तेव्हा जो ताजा, किंचित उग्र वास दरवळतो, तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पान कापले, चुरगळले किंवा कोणी कुरतडले, की त्यातील काही द्रव्ये बदलून त्यांची वाफ हवेत मिसळते. जवळजवळ सर्वच हिरव्या वनस्पतींत ही द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात तयार होतात. त्याशिवाय प्रत्येक वनस्पतीचा आपला असा खास वासही असतो: तुळशीचा वेगळा, पुदिन्याचा वेगळा, झेंडूचा वेगळा.

टोळाला नाक नाही. त्याच्या डोक्यावर ज्या दोन मिशा असतात, त्यांना शास्त्रज्ञ शृंगिका म्हणतात; त्याच त्याचे नाक होत. शृंगिकेवर साध्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म केस आणि खळगे असतात. केसाच्या कवचात छिद्रे असतात. वासाचे कण त्यांतून आत शिरून चेतापेशींपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील टोळाच्या एका जातीत केवळ एका शृंगिकेत वास ओळखणाऱ्या सुमारे ५० हजार चेतापेशी असतात, असे आढळले आहे. आता कोणी म्हणेल, की यांतील एक पेशी गवतासाठी, एक ज्वारीसाठी, एक निंबासाठी अशी वाटणी असेल. पण निसर्गाने तशी वाटणी केलेली नाही. एकच पेशी अनेक वासांना थोडाथोडा प्रतिसाद देते, आणि एकाच वासाने अनेक पेशी जाग्या होतात. कोणत्या पेशी जाग्या झाल्या, किती जोराने आणि कोणत्या क्रमाने, यावरून टोळाचा मेंदू वास ओळखतो. एका सुरावरून राग ओळखता येत नाही. अनेक सुरांची मांडणी कानी पडावी लागते, तशातलाच हा प्रकार आहे.

वासाच्या मागाने टोळ झाडापाशी आला, पानावर चढला, म्हणजे काम झाले असे मात्र नाही. खरी परीक्षा आता सुरू होते. टोळाच्या तोंडाशी बोटांसारखे लहान लहान अवयव असतात. त्यांना स्पर्शके म्हणता येईल. त्यांच्या टोकांवर चव घेणारे शेकडो सूक्ष्म केस असतात. चव घेणारे केस त्याच्या पायांवरही असतात. पानावर उभा राहिलेला टोळ डोके खाली करून या स्पर्शकांची टोके पानाच्या पृष्ठभागावर भराभर आपटतो. एखादा गवई गाण्यापूर्वी तंबोऱ्याच्या तारा छेडून पाहतो, तसेच हे वाटते. पानावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरातील द्रव्यांवरूनच पुष्कळदा टोळ निर्णय घेतो. पान पसंत पडले नाही तर न चावताच तो पुढे जातो. पसंत पडले, किंवा शंका उरली, तर तो एक छोटा लचका तोडतो. रस तोंडात येतो. मग एक तर जेवण सुरू होते, किंवा टोळ तेथून चालता होतो.

या परीक्षेत ज्वारीचे रोप कसे उतरते ते पाहण्यासारखे आहे. ज्वारी हे टोळांच्या आवडत्या पिकांपैकी एक. प्रवासी टोळ नावाची जी दुसरी प्रसिद्ध जात आहे, ती तर मुख्यतः गवताच्या कुळातील वनस्पतींवरच जगते. आणि ज्वारी त्याच कुळातली. परंतु हाच टोळ ज्वारीच्या अगदी कोवळ्या रोपाला सहसा तोंड लावीत नाही. कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असते. पान चावले गेले की त्यातून एक अत्यंत जहाल विष मोकळे होते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे आपल्याकडील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि म्हणून ते त्या दिवसांत गुरांना ज्वारीच्या शेतात शिरू देत नाहीत. टोळाला हे सांगायला कोणी गुराखी नाही. मग संशोधकांनी रोपाच्या पानावरील मेणाचा थर काढून पाहिला. तेव्हा जे टोळ एरवी स्पर्शके आपटूनच मागे फिरत असत, ते पान अधिक प्रमाणात चावू लागले. कोवळ्या पानाच्या मेणातच टोळाला माघारी पाठविणारी सूचना होती. रोप वाढून मोठे झाले की विषाचे प्रमाण कमी होते, मेणही बदलते, आणि तेव्हा तोच टोळ ज्वारीवर ताव मारतो.

टोळाची ही पारख सदा एकसारखी नसते. पोटभर जेवलेल्या टोळाच्या स्पर्शकांच्या टोकांवरील चवीच्या केसांची छिद्रे काही वेळ मिटून जातात, असे १९७२ साली बर्नेज, ब्लेनी आणि चॅपमन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. जेवण झाल्यावर माणूस ताट दूर सारतो. टोळाची जीभच जणू दार लावून घेते. उलट, दीर्घकाळ उपाशी राहिलेला टोळ एरवी नाकारलेले पानही खातो. थव्यातील टोळ वाटेल ते खाताना दिसतात, याचे हे एक कारण आहे. जेथे कोटीकोटी तोंडे एकाच वेळी जेवायला बसतात, तेथे आवडीचे पान लवकरच संपते.

आणखी एक गोष्ट याहूनही नवलाची आहे. कोणत्या प्रकारचे अन्न कमी पडते आहे, हेही टोळाला समजते. शरीराच्या वाढीसाठी प्रथिने लागतात आणि शक्तीसाठी पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ लागतात. डाळीत पहिली अधिक, भाकरीत दुसरे अधिक. स्टीफन सिम्प्सन आणि डेव्हिड रॉबेनहायमर या शास्त्रज्ञांनी काही टोळांना प्रथिने नसलेले अन्न दिले आणि काहींना शर्करा नसलेले. नंतर दोन्ही प्रकार त्यांच्यापुढे ठेवले. ज्याला जे मिळाले नव्हते, तेच त्याने अधिक खाल्ले. याचे मर्म त्याच्या रक्तात आहे. प्रथिने कमी पडली की रक्तातील त्यांचे घटक कमी होतात, आणि मग तोंडाजवळचे चवीचे केस त्या घटकांना अधिक जोराने प्रतिसाद देऊ लागतात. टोळाला विचार करावा लागत नाही. हवे ते अन्नच त्याला अधिक चवदार लागते.

वासाचा येथेही संबंध येतो. १९९० साली सिम्प्सन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने टोळांना दोन प्रकारचे अन्न दिले आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा वास जोडला. नंतर प्रथिनांची उणीव भासू लागलेले टोळ, पूर्वी प्रथिनयुक्त अन्नाबरोबर जो वास येत असे, त्याच वासाकडे वळले. म्हणजे टोळ वास नुसता ओळखत नाही, तो लक्षातही ठेवतो. टाळावयाचे काय, हेही तो शिकतो. अमेरिकेतील टोळाच्या एका जातीला पालक खाण्यास दिला, तेव्हा पहिल्या खेपेस त्याने तो चांगला खाल्ला. पण पालकात त्याच्या शरीराला आवश्यक असणारे एक स्निग्ध द्रव्य योग्य स्वरूपात नसते. दर खेपेस जेवण लहान होत गेले, आणि शेवटी टोळाने पालकाकडे पाठ फिरविली. चव तीच होती. अनुभवाने मत बदलले होते.

टोळाला काय आवडते याविषयी आपण घाईने अंदाज बांधला तर कसे चुकतो, याचे उदाहरण चीनच्या उत्तरेकडील आंतर्मंगोलियात सापडले. तेथील कुरणांत टोळांची एक जात उपद्रव देते. भरपूर पोसलेल्या, प्रथिनांनी समृद्ध अशा गवतावर टोळ माजतील असे कोणालाही वाटेल. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उलटेच दिसून आले. जेथे मेंढ्यांनी कुरण अतोनात चरून टाकले होते आणि त्यामुळे गवतातील प्रथिने घटली होती, तेथेच ही जात अधिक फोफावत होती. तिला कमी प्रथिनांचे गवतच मानवते.

आता टोळाच्या स्वभावातील सर्वांत मोठ्या बदलाकडे वळू. वाळवंटी टोळ दोन रूपांत राहतो. पाऊसपाणी बेताचे असते तेव्हा तो एकटा राहतो, इतर टोळांना टाळतो, आणि त्याच्या पिलांचा रंग पानांत लपून जाईल असा हिरवा असतो. तेच टोळ दाटीवाटीने राहू लागले की त्यांचा स्वभाव पालटतो. ती माणसे असती तर आपण म्हटले असते, की संगत लागली. ते एकमेकांना चिकटून राहतात, झुंडीने चालतात, आणि पिलांवर पिवळे-काळे ठसठशीत रंग येतात. हे एकाच जातीचे दोन अवतार आहेत, हे बोरिस उवारोव या शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रथम मांडले. झुंड जमविण्यातही वासाचा हात असतो. प्रवासी टोळाच्या अंगातून निघणाऱ्या एका द्रव्याच्या वासाने इतर टोळ त्याच्याकडे ओढले जातात, असे चिनी शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखविले. केवळ चार-पाच एकटे टोळ एकत्र आले तरी हा वास सुटू लागतो.

या दोन अवतारांची पानांची निवडही निराळी असते. वाळवंटात खुरासनी ओव्याच्या जातीची एक वनस्पती उगवते. ती धोतऱ्याच्या कुळातली असून तशीच विषारी असते. एकटा राहणारा टोळ तिला टाळतो. झुंडीतील पिले मात्र ती खातात. हा वेडेपणा नव्हे. हिरव्या पिलाचे रक्षण लपण्याने होते. हजारोंच्या झुंडीला लपणे अशक्य असते. तिचे रक्षण करते ते पोटातील विष. असे विषारी पान खाल्लेला टोळ सरड्यासारख्या शत्रूला बाधतो, आणि पिवळा-काळा रंग पाहिला की पुढच्या खेपेस तो शत्रू त्याच्या वाटेला जात नाही. जे द्रव्य कालपर्यंत ‘दूर राहा’ म्हणत होते, तेच झुंडीतील टोळाला उपयोगी पडते.

मग कडुनिंबात असे काय आहे, की झुंडीतील उपाशी टोळही त्याला स्पर्श करीत नाही?

आपल्याकडे धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची चाल फार जुनी आहे. किड्यांना निंब नको असतो, हे घरोघरी ठाऊक होते. परंतु टोळधाडीपासून शेताचे रक्षण करण्यास त्याचा उपयोग होईल काय, हे प्रयोगानेच पाहावे लागणार होते. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान आणि त्यांचे सहकारी जोतवानी व राय यांनी ते पाहिले. त्यांनी निंबोणीच्या बियांतील मगज वाटून पाण्यात कालविला आणि ते पाणी पिकांवर फवारले. १९६२ साली दिल्ली भागात टोळ आले. फवारलेल्या पिकांवर ते उतरले, पण त्यांनी ती पिके खाल्ली नाहीत.

यावरून निंबाचे काम वासापेक्षा चवीच्या पायरीवर चालते, हे उघड होते. कारण टोळ निंबाजवळ येतो, बसतो आणि चव पाहिल्यावर मागे फिरतो. निंबोणीच्या मगजातील ते द्रव्य १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी वेगळे काढले. कोणत्या अंशात ते आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी परीक्षक म्हणून नेमले होते ते वाळवंटी टोळांनाच! ज्या अंशाने टोळ अन्न नाकारीत, त्यात ते द्रव्य असणार, हे उघड होते. त्या द्रव्याला आज ॲझाडिरॅक्टिन म्हणतात. ते इतके प्रभावी आहे की त्याचा अत्यल्प अंशही वाळवंटी टोळाला जेवणावरून उठवितो. आणि पोटात गेलेच, तर पिलांच्या कात टाकण्यात व्यत्यय येतो. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की ते प्रयोगशाळेत प्रथम तयार करण्यास शास्त्रज्ञांना २००७ साल उजाडले.

मात्र सर्व जातींना निंबाचा असा धाक वाटत नाही. प्रवासी टोळ वाळवंटी टोळाइतका हळवा नाही, आणि नाकतोड्यांच्या काही जाती तर निंबाच्या फवाऱ्याची फारशी पर्वा करीत नाहीत. शिवाय उन्हाने त्या द्रव्याचा जोर थोड्याच दिवसांत ओसरतो, आणि पावसाने ते धुऊन जाते. आणि शेतकऱ्याला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी अडचण वेगळीच आहे. फवारलेल्या शेतात न जेवलेला टोळ मरत नाही. तो उपाशीच उडतो आणि शेजारच्या शेतात उतरतो.